सुपर बोल ५९ : महोम्स-बार्कली पुरे झालं, चीफ्सच्या डाव्या बाजूकडे बघा

तळ्यातमळ्यात | ३ फेब्रुवारी २०२५

मंडळी, रविवारी ९ तारखेला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना: फिलाडेल्फियाचे ईगल्स आणि कॅन्सस सिटीचे चीफ्स. भारतात सोमवारी पहाटे पाच वाजता. मी फिलाडेल्फियाच्या जवळच राहतो, त्यामुळे कुठल्या बाजूचा आहे हे सांगायला नको. गेल्या वर्षीच्या धाग्यावर निम्मे प्रतिसाद चीफ्सच्या केल्सीची मैत्रीण टेलर स्विफ्ट हिच्या विमानावर गेले होते. यंदा कृपा करा.

टीव्ही लावला की एकच तुणतुणं: चीफ्सचा बॉल फेकणारा महोम्स विरुद्ध ईगल्सचा बॉल घेऊन पळणारा बार्कली. अहो, हे दोघं एका वेळी मैदानात नसतातच! एक खेळत असतो तेव्हा दुसरा बाकावर पाणी पीत असतो. जोड्या लावायच्याच तर समोरासमोर उभे राहणाऱ्यांच्या लावा.

माझं म्हणणं असं की सामना चीफ्सच्या लेफ्ट टॅकलपाशी ठरणार, म्हणजे बॉल फेकणाऱ्याची राखण करणाऱ्या फळीतल्या डाव्या टोकाच्या माणसापाशी. क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) उजव्या हाताने फेकतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे असते. तिकडून कोण येतंय हे त्याला दिसत नाही, म्हणून ती जागा सांभाळणारा माणूस खणखणीत लागतो. चीफ्सकडे यंदा तोच नाही. नवखा सुआमाताया झाला, वान्या मॉरिस झाला, हंगामाच्या मध्यात आणलेला हम्फ्रीज एक सामना खेळून जायबंदी झाला. शेवटी जो थूनीला तिथे सरकवला. थूनी मुळात लेफ्ट गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा), आणि गार्ड म्हणून ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांत निवडलेला. त्याच्या जागी आता माइक कालिएंडो. म्हणजे भिंतीतलं एक भोक बुजवायला शेजारचीच वीट काढली.

आणि समोर ईगल्सच्या बचावात कोण? आत जेलन कार्टर, जॉर्डन डेव्हिस, मिल्टन विल्यम्स. कडेला जॉश स्वेट आणि नोलन स्मिथ. आमचा बचाव आखणारे फँजिओ आजोबा ब्लिट्झ (जास्तीची माणसं क्वार्टरबॅकवर सोडणं) फारसे करत नाहीत. चार जण पुढे सोडायचे आणि सात जण मागे राखायचे. चौघांनीच महोम्सला पळवलं, तर सात जणांच्या जाळ्यात तो फेकणार कुणाकडे?

हे मी डोळ्यांनी बघितलंय. फेब्रुवारी २०२१, टँपातला सुपर बोल, चीफ्स विरुद्ध बकनीअर्स. चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल, फिशर आणि श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर. कोविडमुळे घरात आम्ही दोघंच आणि समोर चौघांसाठी केलेला पसारा. महोम्सवर त्या रात्री २९ वेळा दडपण आलं. बॉल फेकण्याआधी किंवा पाडला जाण्याआधी तो एकूण ४९७ यार्ड धावला, असा हिशेब नंतर छापून आला. एका चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) तर तो जमिनीला समांतर, अक्षरशः आडवा हवेत होता. तशा अवस्थेत फेकलेला बॉल बरोबर जाऊन सहकाऱ्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटला आणि खाली पडला. बायको म्हणाली, "याला कुणीतरी घरी घेऊन जा." ३१-९. चीफ्सना एक टचडाऊन मिळाला नाही.

हाणा आता.

कान्होबा_कॅन्ससचा | ३ फेब्रुवारी

तळ्यातकाका, टँपा आठवलं, पण ऍरिझोना सोयीस्कर विसरलात. फेब्रुवारी २०२३ चा सुपर बोल, हेच दोन संघ. ईगल्स त्या हंगामात ७० सॅक (क्वार्टरबॅकला बॉल फेकण्याआधीच पाडणं) घेऊन आले होते. विक्रमाला दोन कमी. तेव्हाही टीव्हीवर हेच चाललं होतं की महोम्सचं आता खरं नाही. सामन्यात सॅक किती? शून्य. आणि महोम्स एका घोट्यावर खेळत होता! मध्यंतराला तुम्ही २४-१४ पुढे होतात. शेवट ३८-३५, आमच्या बाजूने.

शिवाय तुमचे फँजिओ आजोबा महोम्सविरुद्ध आठ वेळा उभे राहिलेत. डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा, मायामीत दोन. आठही हरले. आणि ऍरिझोनाच्या आधी दोन आठवडे ते ईगल्सचे सल्लागार होते. एवढा सल्ला देऊनही सॅक शून्य, यातच काय ते आलं.

तळ्यातमळ्यात | ३ फेब्रुवारी

कान्होबा, ते मैदान होतं की शेवाळलेली पायरी? दोन्ही संघांनी बूट बदलले. कडेने सुसाट येणाऱ्याला वळताना पाय रोवावा लागतो, तोच निसटत होता. सुपरडोमला छत आहे आणि खाली कृत्रिम गवत. आणि तेव्हा तुमच्याकडे लेफ्ट टॅकलला ऑरलँडो ब्राउन होता, शेजारी गार्ड म्हणून हाच थूनी. आता दोन्ही जागा बदलल्यात.

शकुताई | ४ फेब्रुवारी

मी न्यूयॉर्क जायंट्सची. न्यू जर्सीत राहून दुसरं काय होणार? त्यामुळे माझ्यासाठी हा सामना म्हणजे आपल्याच मोडलेल्या सोयरिकीच्या लग्नाला जेवायला जाणं. सॅक्वन बार्कली सहा वर्षं आमचा होता. आमचे मालक कॅमेऱ्यासमोर बोलून गेले की हा फिलीला गेला तर आपल्याला झोप लागणं कठीण. आणि दिलाच सोडून. तिकडे जाऊन त्याने या हंगामात पळून २००५ यार्ड काढले. एरिक डिकरसनचा १९८४ चा २१०५ चा विक्रम मोडायला १०१ हवे होते आणि शेवटचा सामना होता आमच्याशी. तर ईगल्सनी त्याला विश्रांती दिली. एवढी दया बघून मला जास्तच लागलं.

सांगायचं एवढंच की लेफ्ट टॅकल वगैरे ठीक, पण प्लेऑफमधल्या (बाद फेरीतल्या) त्याच्या धावा बघा. रॅम्सविरुद्ध बर्फात ६२ आणि ७८, कमांडर्सविरुद्ध पहिल्याच चेंडूला ६०. तिन्ही थेट टचडाऊन. प्लेऑफ धरून तो २४४७ वर आहे. टेरेल डेव्हिसचा १९९८ चा २४७६ चा आकडा मोडायला ३० यार्ड पुरेत. रविवारी त्याचा अठ्ठाविसावा वाढदिवससुद्धा आहे. केक कोण कापणार ते दिसतंयच.

निवांत_नाना | ४ फेब्रुवारी

पहिल्याच चेंडूला? चेंडू असतो होय यात? मला वाटलं नारळ असतो.

(गुरुवारी नागपूरला इंग्लंडशी एकदिवसीय आहे, कुणाच्या लक्षात आहे का?)

कान्होबा_कॅन्ससचा | ४ फेब्रुवारी

शकुताई, बार्कलीला मानतोच. पण आमचा बचाव आखणारा स्पॅग्नुओलो काय करतो ते सांगतो. हंगामाच्या पहिल्या सामन्यात रेव्हन्सचा डेरिक हेन्री (तोही पळणारा) समोर होता, त्याला १३ धावांत ४६ यार्डांवर रोखलं. स्पॅग्जचं गणित सरळ असतं: समोरच्याचा लाडका घास काढून घ्यायचा आणि उरलेलं जेवण त्याला गोड लागू द्यायचं नाही. बॉक्समध्ये (बॉलच्या अगदी समोर) आठ माणसं कोंबेल आणि तुमचा क्वार्टरबॅक हर्ट्स याला म्हणेल, फेक बाबा तू. आणि फेकायला गेला की मॅकडफीसारखा कॉर्नरबॅकच (एरवी कडेला बॉल झेलणाऱ्याला धरणारा) ब्लिट्झला सुटेल, जिकडून हर्ट्सला अपेक्षाच नाही तिकडून. टेक्सन्सच्या स्ट्राउडला आठ वेळा पाडलंय आम्ही आत्ता जानेवारीत.

त्यात तुमच्या फळीतल्या लँडन डिकरसनचा गुडघा गेल्या सामन्यात दुखावलाय आणि जर्गेन्सची पाठ धड नाही. आमचा ख्रिस जोन्स काही एका जागी उभा राहणारा प्राणी नाही. जिथे लंगडतंय तिथेच जाऊन उभा राहील.

तळ्यातमळ्यात | ४ फेब्रुवारी

जोन्सचं मान्य. खरं सांगू, डिकरसन-जर्गेन्सची मलाही धास्ती आहे. मात्र हर्ट्सला फेकायला लावणं हा काही हुकमी एक्का नाही. ऍरिझोनात त्याने ३०४ यार्ड फेकले आणि तीन टचडाऊन स्वतः पळून केले. हातून एकदा बॉल निसटला, चीफ्सच्या बोल्टनने तो उचलून थेट टचडाऊन केला, म्हणून हरलो. तो प्रसंग मला अजून अंघोळ करताना आठवतो.

बाहेर बॉल झेलायला ए. जे. ब्राउन आणि डेव्हॉन्टा स्मिथ आहेत. आठ माणसं आत कोंबलीत तर त्या दोघांपुढे एकेकच उरतो. मॅकडफी चांगला आहे, पण अंगाने लहान. ब्राउनने खांदा लावला की तो मागे सरकणार.

डावा_कोपरा | ५ फेब्रुवारी

नमस्कार. सांगलीहून. अमेरिकन फुटबॉल मी आयुष्यात चार-पाच वेळा पाहिला असेल, तोही भाच्याच्या नादाने. नियम निम्मे कळतात. पण कबड्डी जिल्हा पातळीपर्यंत खेळलोय, डाव्या कोपऱ्याला, म्हणून मूळ धाग्यातलं ते टॅकल-गार्ड प्रकरण तीनदा वाचलं. एक शंका आहे. गार्डला दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात आणि टॅकलला एकाच बाजूला, बरोबर का?

तळ्यातमळ्यात | ५ फेब्रुवारी

अगदी बरोबर. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. चीफ्सचा सेंटर क्रीड हम्फ्री, उत्तम माणूस. त्याच्या डावीकडे आता कालिएंडो आणि त्याच्याही डावीकडे थूनी.

डावा_कोपरा | ५ फेब्रुवारी

मग माझं मत वेगळं पडतं, रागावू नका.

आमच्यात साखळी असते. कव्हरचे दोन्ही हात धरलेले, कोपऱ्याचा एकच. कोपरा जायबंदी झाला की प्रशिक्षक नेहमी हेच करतात: जुनाजाणता कव्हर कोपऱ्यात टाकायचा आणि त्याच्या जागी पोरगं उभं करायचं. सगळे म्हणतात, आता चढाईवाला कोपऱ्यावर जाणार. पण शहाणा चढाईवाला कोपऱ्याकडे झुकतो फक्त दाखवायला. जुना माणूस जागा बदलली तरी पाय वाचतो, निभावून नेतो. तुटते ती त्याच्या आणि नव्या पोराच्या मधली कडी. का, तर हात नवा असतो. जुन्या जोडीदाराने बोट दाबलं की मी पुढे जायचो, ओढलं की थांबायचो. हे बोलून ठरत नाही, दोन-तीन वर्षं एकमेकांचा घाम पुसल्यावर येतं. नवा मुलगा घाबरला की हात घट्ट धरतो, आणि घट्ट धरला की दोघंही अडकतात. एकदा मिरजेत आमची अख्खी फळी अशीच फाटली. माझी काही चूक नव्हती, हे जाता जाता नमूद करतो.

तेव्हा लेफ्ट टॅकल नको, टॅकल आणि गार्डच्या मधली फट बघा.

शकुताई | ५ फेब्रुवारी

वा! इतके पंडित रोज टीव्हीवर बसतात, एकानेही हे असं सांगितलं नाही.

तळ्यातमळ्यात | ५ फेब्रुवारी

कोपरेसाहेब, काल रात्री चीफ्सचा बिल्सविरुद्धचा उपांत्य सामना पुन्हा लावला आणि फक्त त्या दोघांकडे बघितलं. टीव्हीवर ओळखायला सोपे: थूनी ६२ नंबर, कालिएंडो ६६. समोरच्या दोघांनी एकमेकांच्या जागा बदलल्या (इथे त्याला स्टंट म्हणतात, आतला बाहेर जातो आणि बाहेरचा त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत शिरतो) की एका क्षणासाठी दोघांनाही कळायला हवं की आता तुझा माझा आणि माझा तुझा. थूनीची मान लगेच वळते. आता मी मुद्दाम तेच शोधत होतो, म्हणून मला हवं ते दिसलं असेल, हेही खरं. पण धाग्याचं शीर्षक थोडं बदलतोय: आधी "चीफ्सचा लेफ्ट टॅकल" होतं, आता "डावी बाजू" केलंय.

आणि मग जोडी स्वेट-थूनी नाहीच. खरी जोडी कार्टर किंवा मिल्टन विल्यम्स विरुद्ध कालिएंडो. कार्टरला दोघांनी अडवलं तर विल्यम्स मोकळा. सगळे कार्टर-कार्टर करतायत, मी विल्यम्सवर डोळा ठेवणार. नंबर ९३.

कान्होबा_कॅन्ससचा | ६ फेब्रुवारी

कबड्डीचा मुद्दा आवडला, पण एक गोष्ट राहतेय. याच डाव्या बाजूने बिल्सविरुद्ध आम्ही ३२ गुण केले. महोम्सने दोन टचडाऊन स्वतः पळून काढले. आमचे प्रशिक्षक अँडी रीड यांना ही फट तुमच्या आधी दिसलीय, त्यांचा तो रोजचा धंदा आहे. ते बॉल हातात ठेवूच देणार नाहीत. स्नॅप (बॉल हातात आला), दोन पावलं, सोडला. ऍरिझोनात काय केलं? रिसीव्हर (झेलणारा) आत धावतोय असं दाखवायचं, तुमचा माणूस त्याच्यामागे निघाला की हा उलटा फिरून बाहेर एकटा. एकदा टोनी, एकदा मूर, तीच चाल दोन बाजूंनी, दोन्ही वेळा आसपास चिटपाखरू नाही. तिथे राखण करणाऱ्या फळीला किती वेळ उभं राहावं लागलं? शिंक यायला लागतो तेवढा.

आणि केल्सी आहे. टेक्सन्सविरुद्ध ११७ यार्ड. पस्तीस वर्षांचा झाला, हंगामात टचडाऊन फक्त तीन, सगळं खरं. पण जानेवारी लागला की त्याच्या अंगात येतं. त्याला कोण धरणार?

तळ्यातमळ्यात | ६ फेब्रुवारी

झॅक बॉन. आणि ही मला या सामन्यातली सगळ्यात रंगतदार जोडी वाटते, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. बॉन चार वर्षं न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्सकडे होता, याच सुपरडोममध्ये. मुख्यतः स्पेशल टीमवर, म्हणजे आपल्याकडे बारावा खेळाडू पाणी घेऊन जातो त्याच्या एक पायरी वर. ईगल्सनी एका वर्षाच्या किरकोळ करारावर उचलला. फँजिओने त्याला कडेवरून उचलून मधल्या लाइनबॅकरला उभा केला आणि गडी ऑल-प्रो झाला. सेंट्सचे लोक आपल्याच घरात त्याला बघताना काय म्हणत असतील? (शकुताईंना विचारा.)

केल्सी धावत नाही, रेंगाळतो. दोन बचावपटूंच्या मधली मोकळी जागा शोधून तिथे वळून उभा राहतो आणि महोम्सकडे बघतो. आज्जी बसमध्ये खिडकी हेरते तशी. त्याच्या मागे पळून उपयोग नाही, जागा आधीच अडवावी लागते. फँजिओची झोन पद्धत बरोबर तेवढंच करते. आणि ती फसवी चाल म्हणाल तर स्लॉटमध्ये (कडेच्या आतल्या जागी) आता कूपर डिजीन आहे. नवखा आहे, पण डोळा लबाड. त्याचाही वाढदिवस ९ तारखेलाच, बाविसावा.

बर्फीवाला | ६ फेब्रुवारी

पंचांबद्दल कुणी बोलणार की नाही? ऍरिझोनात शेवटी ईगल्सच्या ब्रॅडबेरीवर जे होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवण्याची चूक) दिलं ते

तळ्यातमळ्यात | ६ फेब्रुवारी

नाही. ब्रॅडबेरीने स्वतः कबूल केलंय की जर्सी ओढली. पंचांवर वेगळा धागा काढा, तिथे येऊन मीही चार शिव्या घालीन.

शकुताई | ७ फेब्रुवारी

टश पुशचं काय? एक यार्ड हवा असला की ईगल्स हर्ट्सच्या पार्श्वभागाला दोघं लावून ढकलतात. दहीहंडीत वरच्याला खालून रेटतात तसं. कमांडर्सचा लुवू त्या दिवशी अडवायला ढिगावरून पुनःपुन्हा उड्या मारत होता. शेवटी पंच म्हणाले, आणखी असं कराल तर समोरच्यांना टचडाऊन बहाल करू. मी हसून हसून खाली बसले.

कान्होबा_कॅन्ससचा | ७ फेब्रुवारी

शकुताई, आम्ही उड्या मारत नाही. बिल्सच्या जॉश ऍलनला चौथ्या डाउनला तशाच ढकलीत अडवलंय, सामना तिथेच फिरला. अर्थात ऍलनपुढे ईगल्सचा मायलाटा नव्हता. सहा फूट आठ इंच, ऑस्ट्रेलियातून रग्बी सोडून आलेला, निवड होईपर्यंत हा खेळ कधी खेळलाच नव्हता. त्या बाजूने ढकललं तर अवघड आहे, मान्य.

माझा आकडा लिहून ठेवा: चीफ्स २७, ईगल्स २४. कारण एका स्कोअरच्या (आठ गुणांपर्यंतच्या) फरकाचा सामना आम्ही यंदा एकही हरलेलो नाही. हरलो ते दोनच, बिल्सशी नऊने आणि ब्रॉन्कोजशी ३८-०, आणि तोही मुख्य खेळाडू बसवून ठेवले म्हणून. सामना घासून झाला की आमचा. सलग तीन सुपर बोल आजवर कुणी जिंकलेले नाहीत, ते सोमवारी सकाळी बोलू.

तळ्यातमळ्यात | ७ फेब्रुवारी

म्हणूनच तो घासून होता कामा नये. ईगल्स ३१, चीफ्स २०. हरलो तर मार्चमध्ये एडिसनच्या गेट-टुगेदरला सगळ्यांसाठी बासुंदी मी आणणार, आणि तीही आटवून. डब्यातल्या दुधाची नाही.

निवांत_नाना | ९ फेब्रुवारी

रोहितने कटकला ११९ ठोकले हो! मध्ये मैदानावरचे दिवे गेले, खेळाडू आत जाऊन बसले, तरी गड्याची लय गेली नाही. आता शांतपणे झोपतो. उद्या तुमचा नारळ बघायला उठेन असं वचन देत नाही.

तळ्यातमळ्यात | ९ फेब्रुवारी

नाना, दिव्यांवरून आठवलं. याच सुपरडोममध्ये फेब्रुवारी २०१३ च्या सुपर बोलमध्ये अर्ध्या मैदानाचे दिवे गेले होते. खेळ ३४ मिनिटं बंद. रेव्हन्स आणि फोर्टीनायनर्स खेळत होते, आणि फोर्टीनायनर्सचा बचाव कोण सांभाळत होतं? हेच फँजिओ. हरले होते. कान्होबा, हे मी तुला सांगायला नको होतं.

आमच्याकडे पाहुणे जमायला लागलेत. विंग्ज आणि साबुदाणा वडे, कुणालाही काही विचारू नका.

डावा_कोपरा | १० फेब्रुवारी, पहाटे ४:५०

उठलोय. भाच्याने मोबाईल टीव्हीला जोडून दिला आणि स्वतः परत झोपला. घरात आवाज करायची चोरी आहे, म्हणून म्यूट करून बघतोय. बरंच आहे, समालोचनात मला तसंही काही कळणार नाही. कागदावर लिहून घेतलंय: ६२, ६६, ९८, ९३. ९८ म्हणजे कार्टर, बरोबर ना?

शकुताई | १० फेब्रुवारी

बरोबर. मी कुणाच्याच बाजूने नाही. तरी हाताला घाम का येतोय कळत नाही.

डावा_कोपरा | १० फेब्रुवारी, पहाटे ५:१०

बॉल आधी ईगल्सकडे दिसतोय. म्हणजे माझे ६२-६६ अजून बाकावरच. तोवर आवाज न करता चहा टाकतो.